उद्याची घरघर

हेसगेन ओढ्याच्या खोऱ्यात सत्तावीस घरं, एक चॅपेल आणि एक पाणगिरणी होती, आणि एवढ्या वस्तीत ज्याच्या पोटात काही म्हणजे काही राहत नाही असा माणूस कोण, असं कुणी विचारलं असतं तर सत्तावीसच्या सत्तावीस घरांनी गिरणीवाल्या इथेलकडे बोट दाखवलं असतं. त्या भल्या लोकांना एवढंच ठाऊक नव्हतं, की त्यांचा इथेल गेली दोन वर्षं ठार बहिरा होता.

कान जातात ते दार आपटून जात नाहीत. आधी भिंतीतल्या चिमण्या गेल्या. मग पानांवरचा पाऊस गेला, मग जेवताना टेबलाच्या पलीकडून लॉवरी जे पुटपुटायची ते गेलं (त्याचं इथेलला पहिले काही महिने विशेष दुःख झालं नाही), मग चॅपेलमधला बायकांचा आवाज, मग पुरुषांचा, आणि शेवटी एका फेब्रुवारीच्या सकाळी, झडप उचलून त्यानं चाकावर पाणी सोडलं तेव्हा, गिरणीच गेली. चाक फिरत होतं, पायाखालच्या फळ्या थरथरत होत्या, पीठ पडत होतं, आणि या सगळ्याला आवाज नव्हता. चाळीस वर्षं ज्या गिरणीत तो डोळे मिटून वावरला होता तिची त्याला त्या दिवशी पहिल्यांदा भीती वाटली.

कारण गिरणीवाला गिरणी चालवतो ती कानांनी. हेसगेनची गिरणी तीन मजल्यांची. डोंगरात पाठ रुतवून बसल्यासारखी बांधलेली, त्यामुळे टेकडीच्या वाटेवरून पोती थेट सगळ्यांत वरच्या मजल्यावर उतरवता येत. तळ्यातून पाट काढलेला, पाटाचं पाणी सोळा फुटी चाकाच्या माथ्यावर पडे, चाकाचा आस जाड भिंतीतून आत येई, आणि आत अर्धं खड्ड्यात बुडालेलं लोखंडी दातेरी चाक त्याच्याबरोबर फिरे. त्याच्यावर ओकचा उभा दांडा, दांड्यावर थाळीसारखं आडवं मोठं चाक, आणि त्या चाकाचे दात सफरचंदाच्या लाकडाचे. लोखंडाशी लाकूड भिडवलं की झिजायचं ते लाकूड झिजतं आणि ठिणगी पडत नाही. त्यातही मोठ्या चाकाला एक दात मुद्दाम जास्त बसवलेला, म्हणजे तोच दात त्याच दाताला घडीघडी भेटत नाही; कितीतरी फेरे होतात तेव्हा कुठे जुनी जोडी पुन्हा समोरासमोर येते. इथेलचा बाप म्हणायचा, "नवराबायकोचंही देवानं असंच ठेवलं असतं, तर चॅपेलला इतकी बाकं लागली नसती."

मधल्या मजल्यावर दगड. वरच्या दगडाच्या डोक्यावर धान्याची लाकडी पेटी, आणि पेटीतून दाणे हलवून खाली सोडणारी लोखंडी खटखटी. पेटीच्या तळाशी एक चामड्याचा पट्टा दाण्यांखाली दबलेला असे. दाणे संपत आले की पट्टा सुटे, त्याला बांधलेली घंटा खाली येई आणि खटखटीवर आपटून वाजायला लागे. घंटा वाजली की दोन-तीन मिनिटांत एकतर झडप पाडायची नाहीतर पेटीत नवं पोतं ओतायचं. यांतलं काहीच केलं नाही तर दगडावर दगड घासतो, ठिणगी उडते, आणि हवेतलं पीठ पेटतं. खालच्या खोऱ्यातली गिरणी अशीच गेली होती. तिथला म्हातारा कानानं मंद होता हे लोकांना कळलं तेव्हा सांगायला म्हातारा राहिला नव्हता, आणि त्या दिवसापासून इस्टेटीच्या कारभाऱ्यानं नियम करून टाकला होता, की कमी ऐकणाऱ्या माणसाला गिरणीचा भाडेपट्टा मिळणार नाही. गिरणी गेली की गिरणीला चिकटून असलेलं घर गेलं, मागचा कांद्याबटाट्यांचा तुकडा गेला, आणि एकसष्टाव्या वर्षी माणसानं जायचं कुठे, तर लॉवरीच्या बहिणीच्या घरी. ती बहीण इथेलला पीठ चोरणारा म्हणायची, आणि फार खोटं नव्हतं म्हणूनच ते त्याला लागायचं.

तेव्हा नवराबायकोंनी तोड काढली. लॉवरी रोज सकाळी विणकाम घेऊन दगडांच्या मजल्यावर जाऊन बसे. तिच्या हातापासून एक बारीक दोरी फळीच्या भोकातून खाली येई आणि इथेलच्या कोपराला बांधलेली असे, वर घंटा वाजली की खाली त्याच्या कोपराला हिसका बसे, आणि तो गिऱ्हाइकाला म्हणे, "आलो हं, घंटा झाली." गिऱ्हाइकं आली की त्यांच्या ओठांकडे बघून बोलायचं. चॅपेलमध्ये दोन वर्षं त्याचा घसा बसलेला होता. बहिऱ्यानं चार सुरांच्या गाण्यात तोंड घालायचं म्हणजे गाणं संपल्यावरही एकटाच खर्ज लावून राहण्याचा धोका, आणि एका रविवारी तसं झालंही होतं. त्या दिवसापासूनच कुजबुज सुरू झाली असणार, कारण ऑगस्टमध्ये कारभारी प्रॉसरचं पत्र आलं, की भाडेपट्ट्याची मुदत मायकेलमसला, सप्टेंबरअखेरच्या सणाला, संपते आहे, त्याआधीच्या मंगळवारी सकाळी सातला मी स्वतः येऊन गिरणी चालताना बघेन, आणि त्या वेळी गिरणीत तुझ्याशिवाय कुणी असू नये.

लॉवरीनं पत्र दोनदा वाचलं आणि त्याच्याकडे तोंड करून, ओठ नीट हलवत म्हणाली, "दोरी मी बाहेरून ओढू?"

"भिंत अडीच फुटांची आहे, लॉवरी."

"मग त्याला सांगून टाकू. माणूस आहे तोही."

"त्याच्या मिशा बघितल्यास? त्या मिशांत ओठ आहेत की नाहीत तेच कळत नाही. तो काय विचारतोय तेच मला समजणार नाही, मग माणूस असो नाहीतर मेंढा."

जुन्या गिरणीवाल्यांची एक सवय होती. दगडांत काही बिघाड वाटला की एक काठी घ्यायची, तिचं एक टोक दगडांचा भार वाहणाऱ्या ओकच्या तुळईला टेकवायचं, दुसरं दातांत घट्ट धरायचं, की लाकडातून आवाज थेट कवटीत येतो. इथेलनं त्या आठवड्यात ते करून बघितलं. चालत्या गिरणीत काठी दातांत धरली तेव्हा दात तेवढे शिवशिवले. तीन दिवस त्यानं हट्टानं ते चालू ठेवलं. चौथ्या दिवशी संध्याकाळी, साडेपाचचं ऊन खिडकीतून पिठाच्या पेटीवर पडलेलं असताना, त्यानं झडप पाडली, चाक गळत गळत थांबलं, लॉवरी विणकाम गुंडाळून घरात गेली, आणि हताश होऊन तो तिथेच तुळईपाशी, काठी दातांत तशीच धरून, बसून राहिला. तेव्हा त्याला गिरणी ऐकू आली.

आधी पाणी चाकावर पडल्याचा धप्प आवाज. मग सावकाश, म्हाताऱ्या घोड्यानं खांदा उचलावा तसं चाक उचललं गेल्याचा. मग दात दातांत बसत गेले, दगडानं फिरकी घेतली, खटखटी बोलायला लागली. दोन वर्षांनी ऐकलेला तो आवाज इतका ओळखीचा होता, की त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि काठीवरून ओघळलं. त्यानं डोळे उघडून बघितलं. मोठं चाक समोर थांबलेलं होतं. त्याच्या दातांवर एक कोळी निवांत चालला होता.

पहिल्या संध्याकाळी त्यानं मनाशी ठरवलं, की ही आठवण असणार. हात तुटलेल्या माणसाला बोटं खाजतात म्हणे, तसंच काहीतरी. पण दुसऱ्या संध्याकाळी ऐकताना खटखटी मधेच अडखळली, गप्प झाली, दगडाचा आवाज कोरडा झाला आणि मग कुणीतरी पेटीला दोन गुद्दे मारल्यावर पुन्हा सुरू झाली. असं काही त्या दिवशी झालं नव्हतं. ते झालं दुसऱ्या दिवशी सकाळी, टेकडीवरच्या गेथिनचे ओट पेटीत ओतल्यावर. त्यात भट्टीत नीट न वाळलेला ओला गोळा होता, तो तोंडाशी अडकला, आणि इथेलनं वर जाऊन पेटीला दोन गुद्दे मारले. दुसरा गुद्दा मारल्यावर त्याचा हात तसाच हवेत राहिला.

पुढचे आठ दिवस त्यानं वडिलांचं घड्याळ गुडघ्यावर ठेवून ऐकलं. काठीतून येई ती दुसऱ्या सकाळची सुरुवात. पाणी सोडल्यापासून साधारण तासाभराची, त्यापुढे सगळं विरून जाई. माणसांचे आवाज येत नसत. गिरणीला जे जे लागेल तेवढंच येई: पोतं आपटलं, बूट घासला, दगडांमधलं अंतर कमीजास्त करायची फिरकी पाव फेरा वळली, घंटा झाली. आणि सकाळी ते सगळं त्याच मिनिटाला, त्याच क्रमानं घडे. चॅपेलच्या फळ्यावर सारेगम लिहून द्यावी आणि ती वाचत वाचत आपण गावं, तसा इथेल सकाळी उठून आदल्या संध्याकाळचं ऐकलेलं करत जाई. त्याला खुदकन हसू येई. उभ्या आयुष्यात खोऱ्यातल्या झाडून सगळ्यांची त्यानं टोपी उडवली होती, पण मंगळवारच्या प्रॉसरइतकं मोठं डोकं त्याच्या हाती कधी लागलं नव्हतं.

"तू उद्यापासून वर येऊ नकोस," त्यानं लॉवरीला सांगितलं.

"आणि घंटा?"

"घंटा मला कळते."

लॉवरीनं त्याच्या कोपराची दोरी सोडून हातावर गुंडाळली, आणि खुंटीला टांगली.

दोन दिवसांनी गेथिन आपलं पीठ न्यायला आला. गेथिन म्हणजे खोऱ्यात इथेलच्या खालोखाल थापाड्या, आणि खालोखाल म्हटलेलं त्याला आवडत नसे. तो ताकात ओटची भाकरी कुस्करून खातानाही बोलत असे, त्यामुळे त्याचे ओठ वाचणं हे एक वेगळंच कसब होतं.

"काय रे, आज तोंडात पीठ गेलं काय? काल तर माझी पार फजिती केलीस."

"काल?"

"आता साळसूद बनू नकोस. मी तिकडे पोत्यांच्या मागे बसून बुटातला खडा काढत होतो, म्हटलं, इथेल, माझ्या लंगड्या मेंढीचं काय करू? तर तू तिकडून, माझ्याकडे न बघता म्हणालास, 'तिला चॅपेलात ने. तिथे सगळी लंगडी सरळ चालायचं सोंग करतात.' माझी बायको अजून हसतेय." लॉवरीनं दिलेल्या वाडग्यातलं उरलेलं ताक त्यानं पिऊन टाकलं. "लोक म्हणतात तुला ऐकू येत नाही. मी सांगितलं त्यांना, त्याला नको ते सगळं ऐकू येतं."

इथेल मान हलवून हसला. गेथिन स्वतःच्या डोक्यातला विनोद इथेलच्या नावावर खपवतोय, त्यात त्याचा काहीतरी डाव असणार, हे उघड होतं. फक्त विनोद चांगला होता, आणि अगदी आपल्याच ठेवणीतला होता, एवढं त्याला थोडं खुपलं.

सोमवारी संध्याकाळी इथेलनं घड्याळ गुडघ्यावर ठेवून काठी दातांत धरली. सात वाजता पाणी. सात वाजून तीन मिनिटांनी दगड धान्याला लागला. सात वाजून आठ मिनिटं झाली तेव्हा फिरकी पाव फेरा मागे. मग सात वाजून नऊ मिनिटांनी तुळईवर तीन कोरड्या टकटकी, लोखंडी टोकाच्या. अशी टकटक या गिरणीत त्यानं कधी ऐकली नव्हती. आणि सात वाजून सोळा मिनिटांनी घंटा. त्यानं ते दहा वेळा मनाशी घोकलं, लहानपणी बायबलातल्या ओळी घोकाव्यात तसं, आणि जेवायला गेला. मटणाचं काऊल, भाज्या घातलेलं ते पातळ कालवण, थंड झालं होतं. त्यानं ते तसंच प्यायलं.

मंगळवारी प्रॉसर वेळेवर आला. लॉवरीला त्यानं दाराबाहेर उभं केलं. गेथिनच्या ओटचं पोतं स्वतः उघडून, किती ते इथेलला न दाखवता, पेटीत ओतलं आणि खाली येऊन बरोब्बर त्याच्या पाठीमागे उभा राहिला. इथेलनं झडप उचलली. पडणारं पीठ अंगठा आणि बोट यांच्यात चोळत तो पाठ करून उभा राहिला, समोरच्या खुंटीवर टांगलेल्या घड्याळाकडे बघत. आठ मिनिटं झाली तशी त्यानं फिरकी पाव फेरा मागे घेतली. नऊ झाली तेव्हा मान न वळवता म्हणाला, "साहेब, तुळई ओकची आहे, छडी मोडेल तुमची." सोळाव्या मिनिटाला त्यानं हात झटकले, "घंटा झाली," म्हणाला, आणि जिन्याकडे निघाला. जाता जाता प्रॉसरचा चेहरा दिसला. मिशा दोन्ही बाजूंनी वर गेल्या होत्या. ते हसणं असणार.

आणखी एकवीस वर्षांचा पट्टा झाला. कागदावर पीठ लागू नये म्हणून सही घराच्या टेबलावर झाली. प्रॉसर घोडागाडीत बसून गेला तशी लॉवरी त्याच्याकडे वळली, आणि तिच्या चेहऱ्यावर असं काही होतं, जे त्यानं लग्नानंतरच्या दोन-तीन वर्षांत बघितलं असेल नसेल.

"किती छान बोललास त्याच्याशी!"

"दोन वाक्यं तर होती."

"दोन?" ती हसली. "बापानं किती वर्षं गिरणी चालवली विचारलं, एकतीस म्हणालास. पाटाच्या डागडुजीचं काढलंस. त्याच्या आईचा पाय कसा आहे, हेही विचारलंस. मी दाराशी होते, इथेल, मला सगळं ऐकू आलं. तो मागून विचारत होता आणि तू टाकोटाक उत्तर देत होतास."

"लॉवरी, मी छडीचं बोललो आणि घंटेचं बोललो. तो काय विचारत होता तेही मला ठाऊक नाही."

तिनं त्याच्या गालावरचं पीठ पुसलं. "पुरे झाली चेष्टा. कधी परतले तुझे कान? दोन वर्षं मला त्या दोरीला बांधून घातलंस, निदान मला तरी आधी सांगायचंस." आणि ती चुलीकडे वळली आणि वळल्यावरही बोलत राहिली. पाठमोऱ्या खांद्यांवरून आणि हातातल्या हलणाऱ्या डावावरून त्याला एवढंच कळत होतं की ती बोलते आहे.

उभा जन्म चेष्टेत घालवलेल्या माणसाचं खरं कुणी खरं मानत नाही, हे त्याला त्या आठवड्यात कळलं. त्यानं सांगितलं, की मला काही ऐकू येत नाही, अजूनही नाही. लॉवरीचे खांदे हसण्यानं हलले. तो तिच्या पाठीमागे उभा राहून म्हणाला, "आता मी काय बोललो ते तुला कळलं, तू काय बोललीस ते मला कळलं नाही." तिनं मागे न बघताच ओला हात त्याच्या तोंडावर मारला. दोन वर्षं ती बोलताना आधी त्याच्यासमोर येई, चेहरा उजेडाकडे करी, एकेक शब्द ओठांत घडवी. एवढ्या दिवसांत त्यांनी एकमेकांकडे जितकं बघितलं तितकं आधीच्या तीस वर्षांत बघितलं नसेल. ते आता संपलं. तिला गरज राहिली नाही. ती खिडकीकडे बघून बोले, पिठात बघून बोले, दुसऱ्या खोलीतून बोलत असावी. आणि मग आत येई ती उत्तर मिळाल्यासारखी, गालांत हसत, कधी चिडून, कधी डोळे पुसत. एकदा तिनं त्याच्यापुढे कांदे घातलेलं अंड्याचं काहीतरी ठेवलं. तो म्हणाला, "हे कशाला केलंस?" तर तिनं आश्चर्यानं वर बघितलं, आणि त्या एका वेळेला तिचे ओठ त्याला दिसले: "दुपारी तूच नाही का मागितलंस, गिरणीतून ओरडून?"

त्या दुपारी तो तळ्यावर गाळ काढत होता.

गिऱ्हाइकंही बदलली. माणसं त्याच्या तोंडाकडे बघेनाशी झाली. पोतं उचलता उचलता, जिना उतरता उतरता, त्याच्या मागे, त्याच्या बाजूला बोलत आणि समाधानानं जात. इथेल त्यांच्यामधून वाट काढत काम करी. त्याला कधी कधी असं वाटे, की आपण कुणाच्या तरी पायात येतो आहोत.

काठी त्यानं मंगळवारनंतर हातात घेतली नव्हती; पूर्वी पहिल्या तासानंतर करायचा तसं आता तो दिवसभर वर जाऊन पेटीत डोकावून येई. ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यातल्या एका संध्याकाळी, उजेड असतानाच, त्यानं ती खुंटीवरून काढली आणि तुळईला लावली.

पाणी पडलं. चाक उचललं गेलं. दगड धान्याला लागला आणि लागताक्षणी, अर्ध्या फेऱ्याच्या आत, फिरकी केसभर वळली. इथेलचे दात काठीत रुतले. हे त्यानं दोन वर्षांत केलं नव्हतं, त्याला करता येत नव्हतं. अंगठ्याला पीठ लागल्याशिवाय दगड जवळ आहेत की लांब हे त्याला कळतच नसे. हा माणूस ऐकत होता. दाण्यात खडा आला, कुठेतरी नखाएवढा, आणि तो दगडापर्यंत पोचायच्या आत पेटीपाशी पावलं गेली होती. पावलं त्याचीच होती. डाव्या टाचेचं घासणं, जिन्याची चौथी पायरी टाळायची सवय. हातही त्याचाच होता, चाळिशीतला, जेव्हा लोक सात मैलांवरून दळायला यायचे तेव्हाचा. इतकं सुरेख दळण इथेलनं आयुष्यात ऐकलं नव्हतं, आणि ऐकता ऐकता, लाज वाटून, त्याच्या लक्षात आलं की आपल्याला या माणसाचा अभिमान वाटतो आहे.

मग वरून आवाज आला. काठीतून माणसाचा आवाज कधी येत नसे. लॉवरीचा होता; तो थोडा जाडसर झाला होता, वयानं, आणि ते वय त्यानं ऐकलं नव्हतं.

"इथेल, बाख! चहा!" बाख, म्हणजे लाडक्या.

"आलो," खालून कुणीतरी लगेच म्हणालं.

रात्रभर त्यानं एकच विचार केला आणि तो सरळ होता. आपण उद्या गेलो नाही तर गिरणी चालणार नाही. गिरणी चालली नाही तर ऐकलं ते खोटं, आणि ते खोटं ठरलं तर आपण लॉवरीला समोर बसवू, हात धरून बसवू, आणि हवं तर प्रॉसरला पत्र लिहू, आणि बहिणीच्या घरी जाऊ. बहीण चोर म्हणाली तर म्हणाली. तिच्या ओठांवर ते निदान बघता तरी येईल.

सकाळी लॉवरी नेहमीसारखी उठली, केस बांधले, आणि पाठमोरी काहीतरी बोलत खाली गेली. इथेल बिछान्यात तसाच पडून राहिला. "आज मी जात नाही," तो तिच्या पाठीला म्हणाला. मोठ्यांदा म्हणाला असावा, घसा दुखला. जिन्यावरून उतरताना तिची पावलं थांबली नाहीत, हे त्याला फळ्यांच्या थरथरीवरून कळलं.

सात वाजले. तो उठून अनवाणी खिडकीपाशी गेला. बाहेर हिवाची पहिली पांढरी पूड पडली होती. अंगणापलीकडे गिरणी, भिंतीवर चाक. चाकाच्या फळ्यांवर पातळ बर्फ. तो श्वास घेत, काचेला जवळजवळ नाक लावून, बघत राहिला. झडपेचा दांडा आतून उचलला जातो, बाहेरून हात दिसत नाही. दांडा उचलला गेला. पाटातून पाणी आलं, चाकाच्या माथ्यावर पडलं, बर्फाचे तुकडे उडाले, आणि चाक, म्हाताऱ्या घोड्यानं खांदा उचलावा तसं, हललं. थोड्या वेळानं गिरणीच्या खालच्या खिडकीतून पिठाची बारीक धूळ बाहेर आली आणि उन्हात लोंबकळत राहिली.

लॉवरी दोन कप घेऊन अंगण ओलांडून गेली. दारातल्या अंधाराकडे तोंड वर करून ती हसत बोलत होती, आणि तिचा चेहरा उजेडात होता, त्यामुळे एवढ्या लांबूनही इथेलला तिचे ओठ वाचता येत होते. पण ते शब्द त्याच्यासाठी नव्हते, म्हणून, का कोण जाणे, त्यानं ते वाचले नाहीत. एक कप आत दिला गेला. मग दारातल्या कुणी काही म्हटल्यासारखी ती वळली आणि घराच्या वरच्या खिडकीकडे बघू लागली. डोळ्यांवर हात धरून, कपाळाला आठी घालून, सरळ त्याच्याकडे. इथेलनं हात वर केला.

ती आली. जिना थरथरला, दार उघडलं. तिचा चेहरा त्याच्यासमोर, हातभर अंतरावर होता, कित्येक आठवड्यांनी इतका जवळ. डोळ्यांखालचं पीठसुद्धा दिसत होतं. तिची नजर मात्र त्याच्यातून आरपार काचेवर होती. ती त्याच्या अगदी अंगावरून पुढे आली, एप्रनचं टोक हातात घेतलं, आणि काचेवर त्याच्या श्वासाची वाफ धरली होती ती, सकाळी कुठलाही डाग पुसावा तशी, दोन-तीन हात फिरवून पुसून टाकली. स्वच्छ झालेल्या काचेतून तिनं खाली गिरणीकडे बघून हात हलवला. मग ती गेली.

काच पुन्हा धुरकट होऊ नये, म्हणून इथेल श्वास रोखून उभा राहिला.